निकॉन डी७२०० बंद झाला, डी७५०० पण मिळेना – जुन्या लेन्सवाल्यांनी आता काय घ्यायचं?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे पण वाचा आणि मोकळेपणाने मत द्या.

माझ्याकडे निकॉनचा डी७२०० कॅमेरा आहे, अजून ठणठणीत. पण शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) लाखाच्या पुढे गेलाय. या बॉडीचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, म्हणजे तो आकडा आला की बंदच पडतो असं नाही, पण फ्लेमिंगोच्या ऐन सीझनमध्ये अडकायला नको म्हणून दुसरी बॉडी घ्यायची आहे. माझा हिशोब सरळ होता, २०१५ चा डी७२०० गेला आणि त्याच्या जागी २०१७ मध्ये डी७५०० आला, मग तोच घ्यायचा. म्हणून गोखले रोडला विचारलं, मग वाशीला जाऊन विचारलं, दोन्हीकडे तेच, "साहेब डीएसएलआर आता आम्ही मागवतच नाही, मिररलेस दाखवू का" (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा). एका दुकानात एक सीलबंद पीस होता, पण त्याला कंपनीची वॉरंटी नाही, दुकानाची वर्षभराची, आणि पक्क्या बिलाचं नाव काढलं की विषय बदलायचा. तो सोडला.

मिररलेसमध्ये जो तो निकॉनचाच झेड५०-टू दाखवतोय. कागदावर छान आहे, पण माझी बॅग बघा: २००-५०० एएफ-एस (ऑटोफोकसची मोटर लेन्समध्येच), जुनी ८०-२०० २.८ एएफ-डी (मोटर बॉडीत लागते), ५० १.८ एएफ-डी, आणि बाबांची १०५ २.५, ती पूर्ण मॅन्युअल, एआय. डी७२०० वर या चारही लेन्स चालतात. मग डी७२०० ची जागा घेणारा कॅमेरा नेमका कोणता म्हणायचा? जागा घेतली असं कंपनी म्हणते म्हणून नाही, माझ्या बॅगेच्या दृष्टीने. वापरलेल्यांनी सांगा.

घणसोली_गणित

दादा एवढा विचार कशाला, डीएसएलआर संपला. २०२२ मध्येच जपानच्या निक्केईने बातमी दिली होती की निकॉन नवीन एसएलआर बनवणं थांबवतंय. कंपनीने तेव्हा खुलासा केला की हा मीडियाचा अंदाज आहे, उत्पादन विक्री सर्व्हिस चालू आहे, पण नवा डीएसएलआर त्यानंतर काही आला नाही. डी५०० तर त्याच वर्षी बंद. सगळं विकून टाका आणि कॅननचा आर७ घ्या, ३२.५ मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट, बॉडीत स्टॅबिलायझेशन.

तलावपाळी (ठाणे)

घणसोली, आर७ चांगला कॅमेरा आहे, वाद नाही. पण ज्याच्याकडे चार निक्कोर (निकॉनच्या) लेन्स आहेत त्याला "सगळं विकून टाका" सांगणं म्हणजे उत्तर नव्हे. जुन्या ८०-२०० ला आज विकायला गेलात तर जे हातात येईल त्यात त्या दर्जाची २.८ लेन्स परत मिळणार नाही.

खाडीकाठ, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो लोक विचारतच नाहीत, सगळे मेगापिक्सेल आणि एफपीएस (सेकंदाला किती फोटो) विचारतात. थोडं मागून सांगतो म्हणजे कुठे काय तुटलं ते कळेल.

एफ-माउंट, म्हणजे निकॉनची लेन्स बॉडीला बसते तो सांधा, १९५९ चा. एआय आलं १९७७ मध्ये, म्हणजे लेन्सची अ‍ॅपर्चरची (आत किती उजेड येतो त्याची) रिंग कितीवर आहे हे बॉडीला एका छोट्या दांडीने कळायला लागलं. ऑटोफोकस आला १९८६ ला, तेव्हा मोटर लेन्समध्ये नव्हती, बॉडीत होती, माउंटमधून बाहेर आलेला तो स्क्रू लेन्स फिरवतो. तुमची ८०-२०० आणि ५० या त्या घराण्यातल्या. एएफ-एस १९९६ नंतरचं, त्यात मोटर लेन्समध्ये गेली.

आता डी९० आठवा, २००८ चा, आपल्यापैकी निम्म्यांची सुरुवात त्यावर झाली असेल. त्यात स्क्रूची मोटर होती पण एआयची दांडी वाचणारी सोय नव्हती, म्हणजे १०५ लावली की मीटर (उजेड मोजणारा) बंद. २०१० ला डी७००० आला आणि या वर्गात पहिल्यांदा ती सोय आली, सोबत दोन कार्ड स्लॉट. डी७१०० ने ठेवली, डी७२०० ने ठेवली. आणि डी७५०० ने काढली! दोन स्लॉटचा एक केला, बॅटरी ग्रिप कंपनीने बनवलीच नाही, एआयचं मीटरिंग गेलं. १०५ लावता येते, पण एम मोडमध्ये अंदाजाने एक्स्पोजर लावायचं आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून सुधारायचं.

म्हणजे डी७५०० हा डी७२०० च्या जागी आला हे खरं, पण डी७२०० जे करायचा ते सगळं करणारा नाही आला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं, कारण ही काही महागडी सोय नव्हती, जुन्या काचा सांभाळून ठेवणाऱ्या माणसाला दिलेला शब्द होता तो.

आता झेडकडे (निकॉनच्या मिररलेसकडे) या. जुन्या लेन्स त्याला जोडणाऱ्या एफटीझेड-टू अडॅप्टरमध्ये स्क्रूची मोटर नाही. त्यामुळे तुमची ८०-२०० आणि ५० झेड५०-टू वर मॅन्युअल फोकस होणार, मीटर चालेल, अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलेल, पण फोकस हाताने. २००-५०० पूर्ण चालेल, ऑटोफोकस, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) सगळं. आणि बाबांची १०५? ती डी७५०० पेक्षा झेडवर जास्त चांगली चालेल. ए आणि एम मोडमध्ये मीटर मिळतो, फोकस पीकिंग आहे (फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात), व्ह्यूफाइंडरमध्येच झूम करून डोळ्यावर फोकस लावता येतो.

म्हणजे गंमत बघा, डी७५०० ने एएफ-डी सांभाळली आणि एआय सोडली, झेडने एआय परत घेतली आणि एएफ-डी सोडली. दोन्ही एकत्र सांभाळणारा शेवटचा मधल्या किमतीतला निकॉन म्हणजे तुमच्या हातातला डी७२००.

येऊरपाऊस

तलावपाळी काका, हे असं एकत्र कधी वाचलं नव्हतं. सेव्ह करून ठेवलं.

माझं मत जरा वेगळं. मी डी७२०० वरून डी७५०० वर गेलो तेव्हा सगळीकडे "पैसे वाया" असंच वाचत होतो आणि घेतल्यावर कळलं की माझ्या कामासाठी फरक मोठा आहे. मी बहुतेक पावसाळ्यात शूट करतो, येऊर नाहीतर कर्नाळा. तिबोटी खंड्या ज्या झाडीत बसतो तिथे जून-जुलैत दुपारी दोनला पण संध्याकाळसारखा उजेड असतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० च्या खाली यायचा प्रश्नच नाही. तिथे डी७५०० चे रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइल) मला डी७२०० पेक्षा स्वच्छ वाटतात. दुसरं म्हणजे बफर, म्हणजे न थांबता सलग किती फोटो निघतात ते. डी७२०० मध्ये १४ बिट रॉ लावलं की १८ फ्रेम आणि मग कॅमेरा थांबला, डी७५०० मध्ये ५०. आणि सेकंदाला ६ च्या जागी ८. पक्षी चोचीत बेडूक घेऊन फांदीवर आला, दोन वेळा आपटला, उडाला, एवढ्यात सगळं संपतं, त्यात १८ आणि ५० चा फरक काय ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मागचा स्क्रीन वर-खाली होतो, त्यामुळे चिखलात आडवं पडायला लागत नाही.

(तिबोटीचा विषय निघालाच आहे तर, घरटं सापडलं तर कृपा करून लोकेशन टाकू नका आणि घरट्यासमोर ठाण मांडू नका. पालक पक्षी चारा घेऊन लांब फांदीवर खोळंबतो आणि पिल्लं उपाशी राहतात.)

एएफ-डी लेन्स ठेवायच्या असतील तर डी७५०० सेकंड हँड बघा. घाबरायचं कारण नाही, याचं शटरही दीड लाखाचंच आहे आणि वीस-तीस हजार क्लिकवाले पीस मिळतात. हौसेने घेऊन कपाटात ठेवलेले कॅमेरे ठाण्यात भरपूर आहेत.

कोपरी_क्लिक

लग्नाचं काम करणाऱ्याच्या बाजूने बोलतो. दुसरा स्लॉट काढला हे पक्ष्यांवाल्यांना चालत असेल, आम्हाला नाही चालत. एका हळदीला माझं पहिलं कार्ड मध्येच गेलं, रीडच होईना, रिकव्हरीवाल्याने पण हात टेकले. दुसऱ्या स्लॉटला सगळं बॅकअप जात होतं म्हणून त्या घरच्यांना फोटो मिळाले. हळद परत लावता येत नाही हो. तेव्हापासून एका स्लॉटची बॉडी मी मेन म्हणून हातात घेत नाही.

तर लग्नवाल्यांसाठी डी७२०० च्या जागी ना डी७५०० आला ना झेड५०-टू, दोघांना एकच स्लॉट. निकॉनमध्ये दोन एसडी स्लॉट पाहिजेत तर झेड५ नाहीतर २०२५ चा झेड५-टू, पण ते फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे), म्हणजे डीएक्स (छोट्या सेन्सरसाठीच्या) लेन्स असतील तर त्याही बदलायच्या आल्या. डीएक्स लेन्स लावली तर झेड५-टू २४.५ मेगापिक्सेलवरून दहाच्या आसपास येतो. अल्बमच्या पानाला पुरतात, पण क्रॉप करायला काही उरत नाही.

आणि बॅटरी. डी७२०० ला एका चार्जमध्ये ११०० च्या वर शॉट्स अशी रेटिंग आहे, डी७५०० ला ९५०, झेड५०-टू ला अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्तच निघतात, पण प्रमाण तेच राहतं. मुहूर्त सकाळचा आणि रिसेप्शन रात्री, मध्ये चार्जिंगला पॉइंट मिळेलच असं नाही, डेकोरेशनवाल्यांनी सगळे अडवलेले असतात.

खाडीकाठ (ऐरोली)

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तलावपाळी काकांचे. एआय आणि एएफ-डी उलटसुलट झालंय हे मला दुकानात कोणीच सांगितलं नाही, उलट एकजण ठामपणे म्हणाला की "अडॅप्टर लावला की सगळ्या लेन्स चालतात". चालतात म्हणजे काय, हे विचारायला हवं हे आता कळलं.

आता माझ्यासाठी प्रश्न एवढाच उरला की २००-५०० झेड५०-टू वर कितपत चालते. माझं ऐंशी टक्के काम त्यावर आहे. कोणी खाडीवर वापरली आहे का?

सीवूड्स_सकाळ

मी वापरते. २००-५०० + एफटीझेड-टू + झेड५०-टू, पूर्ण एक सीझन झाला, जास्त करून नेरूळला टीएस चाणक्यच्या मागे आणि डीपीएस तलावाला. आधी डी७२०० च होता, त्यामुळे तुलना करू शकते.

आधी चांगलं सांगते. पक्षी ओळखणारा ऑटोफोकस. डी७२०० चे ५१ पॉइंट आणि त्यातले कामाचे मधले, उडणारा पक्षी त्या मधल्या भागात धरून ठेवायचा आणि मग नंतर क्रॉप करून कॉम्पोझिशन करायचं, ही माझी सवय होती. झेड५०-टू वर पक्षी फ्रेममध्ये कुठेही असला तरी चौकोन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसतो, आणि हे जुन्या २००-५०० वर अडॅप्टरमधूनही होतं. एकटा शेकाट्या किंवा कुरव उडाला तर दहातले आठ फोटो शार्प. मला वाटायचं हात माझाच कमी पडतो, तसं नव्हतं.

दुसरं, प्री-कॅप्चर. बटण अर्धं दाबून ठेवलं की पूर्ण दाबायच्या आधीच्या एका सेकंदापर्यंतचे फोटो मिळतात. खंड्या सूर मारतो तेव्हा आपलं बोट नेहमी उशिरा पोहोचतं, इथे तो क्षण मिळतो. पण हे फक्त जेपेगमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर, त्यामुळे जोरात फडफडणारे पंख वाकडे येतात. बसलेला पक्षी उडण्याची वाट बघताना वापरते, उडत्या थव्याला नाही. थव्याला मेकॅनिकल शटरचे सेकंदाला ११ भरपूर होतात.

आता जे नाही आवडलं. फ्लेमिंगोंचा मोठा थवा असेल तर ओळख गोंधळते, शंभर डोळे समोर, कोणता धरायचा ते तिला कळत नाही, मग मी ओळख बंद करून साधा एक पॉइंट लावते. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, २००-५०० ला व्हीआर आहे म्हणून जाणवत नाही, पण तुमच्या १०५ ला जाणवेल. जुन्या बॅटऱ्या चालत नाहीत, नव्या घ्याव्या लागल्या. मात्र यूएसबी-सीने पॉवर बँकवर चार्ज होतो, ते मला फार सोयीचं पडतं, परत येताना गाडीत लावून टाकते.

आणि वजन! सगळे म्हणतात मिररलेस हलका. झेड५०-टू बॅटरी-कार्डासकट ५५० ग्रॅम, अडॅप्टर १२५, लेन्स कॉलरसकट २३००. बेरीज करा, तीन किलोला थोडं कमी. डी७५०० ७२० ग्रॅमचा, त्याच्यावर हीच लेन्स लावली तर तीन किलो वीस ग्रॅम. म्हणजे पन्नास ग्रॅमसुद्धा वाचत नाहीत. वरून तोल पुढे जातो कारण बॉडी छोटी. वजनासाठी बदलणार असाल तर बदलू नका.

धूळ हा आणखी एक मुद्दा. खाडीवर दुपारनंतर वारा सुटला की लेन्स बदलायची नाही असा मी नियमच केलाय, सेन्सर डीएसएलआरपेक्षा जास्त उघडा पडतो.

घणसोली_गणित

ताई छान लिहिलंत. माझा आर७ चा सल्ला मागे घेत नाही, पण एवढ्या लेन्स असताना तो लागू नाही हे पटलं. एक मात्र सांगतो, सेन्सरच्या बाबतीत फार अपेक्षा नको, २०१६ चा डी५००, २०१७ चा डी७५००, २०१९ चा झेड५०, २०२४ चा झेड५०-टू, सगळे २०.९ मेगापिक्सेल. बदल झालाय तो प्रोसेसर आणि फोकसमध्ये. म्हणजे झाडावर शांत बसलेल्या घुबडाचा फोटो डी७५०० आणि झेड५०-टू वर जवळजवळ सारखाच येणार.

येऊरपाऊस

+१. बसलेल्या पक्ष्याला काही फरक नाही, उडणाऱ्याला खूप फरक. खाडीकाठ, तुमचं काम खाडीवर म्हणजे उडते जास्त. माझं जंगलात, म्हणून मी डी७५०० वर खूश आहे.

नवशिका_वाशी

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे डी५६०० आणि ७०-३०० एएफ-पी आहे. मला पण बदलायचंय, ऐरोलीच्या बोटीवर जाऊन आलो आणि वेड लागलं. माझ्यासाठी काय?

तलावपाळी (ठाणे)

वाशी, तुमचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. डी५६०० च्या बॉडीत स्क्रूची मोटर कधी नव्हतीच, एआय मीटरिंगही नव्हतं, त्यामुळे डीएसएलआर सोडताना तुमचं यातलं काहीच जाणार नाही. ७०-३०० एएफ-पी एफटीझेडवर ऑटोफोकससकट चालते. बिनधास्त झेड५०-टू बघा. पण आधी एक सीझन आहे त्या कॅमेऱ्यावर काढा, बोटीवरून येणाऱ्या फोटोंत उजेड कुठून येतोय आणि पाणी किती भरलंय यावर जेवढं अवलंबून असतं तेवढं बॉडीवर नसतं. भरती-ओहोटीचं टेबल बघून जा. पाणी चढायला लागलं की चिखलात लांब पसरलेले पक्षी काठाकडे सरकतात, तेव्हा ७०-३०० सुद्धा पुरते.

कोपरी_क्लिक

खाडीकाठ दादा, एक पर्याय राहिला. दुसरा डी७२०० च घ्या, जुना. मुंबईत बोरा बाजारात मिळतात, लग्नवाले मिररलेसवर जाताना काढून टाकतायत. फक्त लग्नवाल्याचा असेल तर शटर काउंट बघितल्याशिवाय हात लावू नका. एक फोटो काढून फाइल मोबाइलवर घ्या, एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठलेल्या माहितीत) आकडा दिसतो, विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. माउंटवरची एआयची दांडी मोकळी फिरते का बोटाने बघा. स्क्रू-मोटर तपासायला तुमची ५० घेऊन जा, जवळून लांब, लांबून जवळ दहा वेळा फोकस करा, मध्ये अडकली तर सोडा. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड टाकून बघा. रबर निघालेलं चालतं, पंधरा मिनिटांचं काम आहे. सेन्सरवर बुरशी नको, एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा.

सीवूड्स_सकाळ

बुरशीवरून, जुनी ८०-२०० असेल तर तिच्याकडेही टॉर्च मारून बघा एकदा. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस, कापडी बॅगेत लेन्स ठेवणं म्हणजे बुरशी वाढवणं. ड्राय कॅबिनेट घ्या, नाहीतर रबरी झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर. मीटर ४५-५० दाखवत असेल तर ठीक.

खाडीकाठ (ऐरोली)

मंडळी, ठरलं. दोन दिवस हा धागा परत परत वाचला आणि बॅग समोर ठेवून विचार केला.

झेड५०-टू आणि एफटीझेड-टू घेतोय, २००-५०० कायमची त्यावर राहील, खाडीवर लेन्स बदलायचीच नाही म्हणजे धुळीचा प्रश्न पण सुटला. डी७२०० वर ८०-२०० आणि ५०, घरच्या कार्यक्रमांना, पाडव्याच्या शोभायात्रेला. त्याच्यावरचा रोजचा भार कमी झाला की उरलेले क्लिक अजून बरीच वर्षं पुरतील. बाबांची १०५ दोन्हीकडे चालते हे काकांमुळे कळलं, ते ऐकून बाबांना फार बरं वाटलं, त्यांनी काल स्वतः काढून पुसून दिली.

डी७५०० वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, येऊरपाऊस यांचं पटलं. पण माझ्या उडत्या पक्ष्यांना तो झेडएवढा कामाचा नाही आणि माझ्या जुन्या लेन्सना डी७२०० एवढा नाही. दुसरा जुना डी७२०० चांगला मिळाला तर तोही बघून ठेवणार आहे, कोपरी दादांची यादी घेऊन बोरा बाजार गाठतो.

एकच शेवटचं विचारायचंय. झेड५०-टू ला जास्तीच्या बॅटऱ्या किती घेऊ? आणि कंपनीच्याच घ्याव्यात की दुसऱ्या चालतात?

सीवूड्स_सकाळ

एकूण तीन पुरतात, सकाळी सहा ते अकरा. पॉवर बँक असेल तर दोनात पण भागतं. मी कंपनीच्याच घेतल्या, दुसऱ्यांचा अनुभव नाही त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. घेताना ईएन-ईएल२५ए असं लिहिलेलं बघा, शेवटी "ए" असलेली नवी आहे, थोडी जास्त टिकते. आणि कॅमेऱ्याचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.

येऊरपाऊस

अभिनंदन दादा! पहिले फोटो इथेच टाका, २००-५०० चे क्रॉप न करता.